पाठमोरी आठ वर्षं

सरांना खुर्चीत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. मुलुंड पश्चिमेच्या एका फोटो स्टुडिओत आम्ही दोघं नोकरीला होतो. त्यांच्या वाट्याच्या खुर्चीवर कॅमेऱ्याची बॅग बसायची आणि ते तिच्याभोवती फिरत राहायचे. चहा उभ्याने, डबा उभ्याने, फोन आला तर बोलत बोलत थेट कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत. एखादं गिऱ्हाईक म्हणायचं, "बसा ना हो दोन मिनिटं." सर विचारायचे, "बसून काय करू?" आमचे मालक हात जोडून म्हणायचे, "ह्याला कुणीतरी दावं लावा रे. दिवसभर हा फिरतो आणि चक्कर मला येते."

मी तिथे फोटो साफ करायचे. पासपोर्टच्या फोटोतले विस्कटलेले केस, स्थळासाठीच्या फोटोतले मुरुम, नवरदेवाच्या गळ्यावरची दुसरी हनुवटी, सगळं माझ्या हाताखालून जायचं. कामात मी तरबेज होते आणि मला त्याचा तोराही होता. सर मागून यायचे, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघायचे.

"पुसलीस?"

"काय?"

"कपाळावरची ती रेघ. बाईला कमवायला चाळीस वर्षं लागली. तू दोन क्लिकमध्ये पुसलीस."

"सर, तिनेच सांगितलंय पुसायला."

"म्हणजे खोटं तिचं आणि हात तुझे. झकास."

मला अशी चीड यायची. हा माणूस महिन्याला शंभर लग्नाळू मुलींना 'जरा हसा' म्हणायचा आणि वर मला शहाणपण शिकवायचा. पण त्यांचं म्हणणं पक्कं होतं. कॅमेऱ्याकडे बघायला लागला की माणूस संपला, उरला तो नुसता फोटो. स्टुडिओतलं काम ते पोटासाठी करत. त्यांचं खरं काम स्टुडिओबाहेर होतं आणि ते मेंढ्यांच्या मागे चालत जायचं.

दिवाळी सरली की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. चार-सहा बिऱ्हाडं एकत्र निघतात, त्याला ते वाडा म्हणतात. मेंढ्या पुढे, घोड्यांवर संसार, संसारावर टोपलीत झाकलेल्या कोंबड्या, कधी त्यांच्या शेजारी नुकतं व्यालेलं कोकरू. शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या शेतात दोन-चार रात्री मेंढ्या बसवायला सांगतो. लेंड्यांचं खत शेताला मिळतं, धान्य धनगराला. मग पुढचं शेत, पुढचं गाव, पावसाच्या तोंडावर परत घाट. सर ह्यातल्या एका वाड्याबरोबर दरवर्षी हिंडायचे. त्यांनी आठ वर्षं हेच केलं.

सुरुवात कशी झाली ते मालक प्रत्येक नव्या नोकराला सांगत. मुरबाडकडे एक लग्न होतं. गाडी वाटेत मेंढ्यांमध्ये अडकली. "दोन मिनिटं" म्हणून सर खाली उतरले, कॅमेरा काढला आणि कळपामागे गेले. ते उगवले दुसऱ्या दिवशी दुपारी, धुळीने माखलेले, पायाला फोड घेऊन. तोपर्यंत नवरी सासरी पोचून तिचं कुलदैवतही झालं होतं. तरी मालकांनी त्यांना काढलं नाही. काढायचं रोज ठरायचं, पण उजेड ओळखणारा तसा दुसरा माणूस मुलुंड ते घाटकोपर मिळाला नसता, हे मालकही ओळखून होते.

अडचण एकच होती. तुळशीचं लग्न लागलं की इकडे माणसांची लग्नं सुरू होतात आणि तिकडे त्याच सुमाराला मेंढ्या घाट उतरतात. सीझनच्या ऐन तोंडावर सरांच्या पायाला भिंगरी लागायची. बिरूचा, म्हणजे वाड्यातल्या एका तरुण धनगराचा फोन यायचा, "आलो बरं का खाली," आणि सरांचं कशातच लक्ष लागायचं नाही. ते लाइटचा स्टँड तीनदा इकडून तिकडे न्यायचे. मालक कॅलेंडर पुढे धरून म्हणायचे, "ह्या चार तारखा कर आणि मग जा, बकऱ्यांकडे जा, कुठे पण जा." सर चारातल्या दोन करायचे आणि जायचे.

जाण्याआधीची तयारी बघण्यासारखी असायची. आठवडाभर साबण बंद. एकच खाकी शर्ट, गेल्या वर्षीचा, न धुतलेला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून स्टुडिओच्या माळ्यावर ठेवलेला. तो काढून अंगात घालायचे. मेंढ्या साबणाच्या वासाने बिचकतात असं त्यांचं म्हणणं. मेंढ्यांचं माहीत नाही, गिऱ्हाइकं मात्र ह्या शर्टाने बिचकत. एकदा ते आमच्या नाहूरच्या घरी जेवायला आले ते तोच शर्ट घालून. आईने आग्रहाने वाढलं, अगदी माशाची दुसरी तुकडीही. ते गेल्यावर खिडक्या उघडत म्हणाली, "माणूस बरो आसा गो. पण गोठ्यातसून थेट पानावर येवचा नसता."

त्यांच्याबरोबर चालणंही धड नव्हतं. एकदा आरे कॉलनीत एका तबेलेवाल्याकडे त्याच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम द्यायचा होता. गोरेगाव स्टेशनवरून बस होती, पण सरांना चालायचं होतं. मीही नवी होते, हो म्हणाले. तर हे सतत माझ्या दहा पावलं मागे. मी थांबले की तेही थांबायचे. शेवटी वैतागून मी म्हटलं, "सर, बाजूला चाला ना. लोकांना वाटेल, तुम्ही माझ्या मागे लागलाय." ते ओशाळले. दोन मिनिटं बाजूने चालले आणि पुन्हा आपोआप मागे पडले. "सवय झाली गं," म्हणाले. "मागून माणूस खरा दिसतो. खांदे खोटं बोलत नाहीत."

हे खांद्यांचं प्रकरण त्यांच्या सगळ्या फोटोंत होतं. त्यांनी काढलेल्या धनगरांचं पहिल्यांदा दर्शन झालं तेव्हा मी हातातलं काम सोडून बघत राहिले होते, हे कबूल करते. धुरळ्यातून निघालेलं मुंडासं. काठी मानेमागे आडवी धरून दोन्ही हात तिच्यावर टाकून चाललेला म्हातारा. जाळ्याच्या कुंपणात कोकरू सोडायला वाकलेली बाई. एकाही फोटोत कुणी आपल्याकडे बघत नव्हतं. वाटायचं, ही माणसं आपापल्या वाटेने चालली आहेत आणि आपण इथे आहोत ह्याचा त्यांना पत्ताच नाही. फोटो काढताना कुणाचं लक्ष गेलं तर सर कॅमेरा खाली घेत. वाट बघत. माणूस कामाला लागला की पुन्हा वर. चुकून एखादा बघणारा फोटो आलाच, तर संध्याकाळी वाड्यावर सगळ्यांचा स्वयंपाक चालू असताना ते कॅमेऱ्यात दिवसभराचे फोटो चाळत आणि असले पुसून टाकत. त्याला त्यांचा शब्द होता, बाद. मेमरी कार्डं दोनच होती, लॅपटॉप न्यायचे नाहीत. "घोड्यावर जे मावत नाही ते मी पण नेत नाही."

काठीवर हात टाकून चालणारा तो म्हातारा म्हणजे आबा. बिरूचा बाप, वाड्याचा कारभारी. कुठे मुक्काम करायचा, केव्हा उठायचं, कुठली वाट धरायची, हे तो ठरवायचा. सरांच्या निम्म्या फोटोंत आबा होता. सर त्याच्याविषयी बोलायला लागले की थांबायचे नाहीत. आबा रात्री नुसत्या घंटेच्या आवाजावरून कुठली मेंढी आजारी आहे ते सांगतो. आबा ढगाकडे बघून चप्पल घालतो. आबाने पहिल्या वर्षी त्यांना विचारलं होतं, "तुमास्नी घरदार न्हाई व्हय?" सरांनी सांगितलं, आहे, मुंबईत एक खोली आहे. आबा म्हणाला, "मंग कुनी हाकललं?"

सहाव्या वर्षी ह्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, अंधेरीच्या एका छोट्या हॉलमध्ये. सरांनी हट्टाने आबाला आणि बिरूला आणलं. आबा नवं धोतर नेसून, खांद्यावर घोंगडी टाकून आला. एसीची थंडी त्याला मानवली. तो एकेका फोटोपुढे बराच वेळ उभा राहायचा आणि बिरूला हळू आवाजात काहीतरी सांगायचा. मी कान देऊन ऐकलं. तो मेंढ्या ओळखत होता. ही कानी, ही लंगडीची लेक, ही पाण्याला भिणारी. मेंढ्या बहुतेक फोटोंत थेट कॅमेऱ्याकडे बघत होत्या, त्यांना सरांचा नियम कोण सांगणार? एका पाहुण्या बाईंनी मला इंग्रजी वळणाच्या मराठीत विचारलं, "ह्यातले आबा कोणते?" मी त्यांना पाठीचे अकरा फोटो दाखवले. आबा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "ती समदी मीच," आणि लाजून हसला. त्याला पुढचे चार दात नव्हते.

सरांनी विचारलं, "आबा, कसं वाटलं?"

"बकरी झ्याक आल्यात," आबा म्हणाला. मेंढ्यांना ते बकरीच म्हणतात.

सर ते वाक्य वर्षभर सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. मीही हसले होते. त्यात आणखी काही होतं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऐन सीझनमध्ये, आबा गेला. मुक्काम बदलापूरच्या पलीकडे होता. सकाळी मेंढ्या सोडायला उठला आणि बांधावर बसला तो बसलाच. सर तेव्हा मालकांनी हट्टाने घ्यायला लावलेल्या एका लग्नासाठी म्हणून दोनच दिवस मुंबईत आले होते. बिरूचा फोन आला तेव्हा ते माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांनी फोन कानाला लावला आणि चालायला लागले नाहीत. तिथेच थांबले. त्यावरूनच मला कळलं.

बिरूला फोटो हवा होता. दहाव्याला हार घालायला, आणि नंतर गावच्या घरात लावायला. तोंडाचा, समोरचा. त्याचा जुना मोबाइल पावसाळ्यात ओढ्यात पडून गेला होता, आणि त्यात तरी कुठे होता बापाचा फोटो? होत्या त्या गाण्यांच्या क्लिपा. मी जवळ असल्याने मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "आमी कशाला काढतोय, सर? तुमी हुताच की." दहावा झाला की वाडा हलणार होता. शेतातलं गवत संपत आलं होतं, बाप गेला म्हणून मेंढ्या उपाशी राहत नाहीत. सर म्हणाले, "आणतो. सातव्या-आठव्या दिवशी घेऊन येतो. काळजी करू नकोस."

मग आम्ही शोधायला बसलो. म्हणजे मी बसले. आठ वर्षांच्या हार्ड डिस्क माझ्या टेबलावर होत्या आणि सर माझ्या मागे येरझारा घालत होते. मालकांनी कधी नव्हे ते एका शब्दाने विचारलं नाही, गिऱ्हाइकांना परस्पर समोरच्या स्टुडिओत पाठवलं. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. आबाची पाठ. आबाचे पाय. आबाचा हात, त्यात नुकत्या जन्मलेल्या कोकराची मान. आबाचं मुंडासं मागून, बाजूने, वरून. विडी पेटवताना ओंजळीआड झाकलेला चेहरा. दुपारी मी विचारलं, "सर, एवढ्या वर्षांत त्याने एकदाही वळून बघितलं नाही?"

सरांनी पुढची डिस्क माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं संपलं. अर्ध्या गालापलीकडे काही सापडलं नाही. मी त्या दोन कार्डांवरून पुसलेले फोटो परत मिळवायचा प्रयत्न केला, पण एकेक कार्ड शेकडो वेळा भरून पुसलेलं, तिथे काय उरणार? तेव्हा सरांनी माझ्या आदल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. शांतपणे, स्क्रीनकडे बघत.

"बघायचा गं. उलट त्याला फोटोची फार हौस होती. कॅमेरा दिसला की मुंडासं सारखं करायचा, छाती काढून ताठ उभा राहायचा. अगदी तुझ्या पासपोर्टच्या गिऱ्हाइकासारखा. मी बाद करायचो."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या त्या खांद्यांच्या तत्त्वज्ञानाचा, माझ्या पाठीमागे उभं राहून मारलेल्या टोमण्यांचा. मी दोन क्लिकमध्ये रेघा पुसत होते, ह्यांनी अख्खा माणूस पुसला होता. हे मी बोलणारही होते. पण त्यांनी भिंतीला हात टेकला होता. मी डिस्क काढून ठेवल्या.

शेवटी आधार कार्डावरचा फोटो घ्यायचं ठरलं. बिरूने दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून पाठवला. कुठल्या तरी केंद्रावर कुणीतरी अर्ध्या मिनिटात काढलेला, उजेड तोंडावर आपटलेला, आबा चोरी पकडल्यासारखा बघतोय. मी तो मोठा केला. दोन दिवस त्यावर काम केलं, आयुष्यात इतकं जीव ओतून कधी केलं नसेल. सर बाजूला उभं राहून सांगत होते. "भुवईवर खूण होती, एडक्याने मारलेली, ती आण. डोळे एवढे घाबरलेले नव्हते. सुरकुत्या पुसू नकोस." मी म्हटलं, "नाही पुसत." तरी तो आबा झाला नाही. आबासारखा दिसणारा एक सभ्य म्हातारा झाला.

त्याची फ्रेम घेऊन आठव्या दिवशी आम्ही दोघं निघालो. मी का गेले? सरांना एकट्याने जाववलं नसतं, आणि फोटोवर हात माझा होता. बदलापूरहून रिक्षा, मग बांधावरून पायी. त्या दिवशी सर माझ्या पुढे चालत होते, इतक्या भरभर की मला धापा लागल्या.

भर दुपार होती. माणसं मेंढ्या घेऊन गेली होती, शेतात कोकरं आणि बायका होत्या. आबाची बायको घोड्याच्या खोगिराला टेकून बसली होती. सर तिला मावशी म्हणत. तिने आम्हाला पाणी दिलं. फोटो हातात घेतला, पदराने काच पुसली, बराच वेळ बघितला.

"बरा हाय," म्हणाली. आणि काळजीने चुलीपासून दूर, घोंगडीवर ठेवला.

सरांना ते 'बरा हाय' सोसलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. हा मी काढलेला नाही, सरकारी कार्डावरचा आहे. आबा माझ्यापुढे उभे राहायचे, मी ते फोटो ठेवले नाहीत. मला तसे नको असायचे. "माझी चूक झाली, मावशी. आठ वर्षं होतो आणि तुम्हाला द्यायला माझ्याकडे एक तोंड नाही." मी खाली बघत होते.

म्हातारी रागावली नाही. तिला नवल वाटल्याचंही दिसलं नाही.

"त्यास्नी ठावं हुतं की," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"पैल्या साली लई हुबं ऱ्हायलं तुमच्याम्होरं. तुमी क्यामेरा खाली घ्यायचा. मंग मला म्हनलं, फोटूवाल्यास्नी माजं थोबाड न्हाई आवडत, दात न्हाईत न्हवं. मंग तुमी मागनं याला लागलासा की आपलं पाठ करून चालायचं. आमास्नी बी सांगून ठेवल्यालं. लांबनं आल्यात बिचारं, त्येंचं काम हूं द्या, कुनी तिकडं बगू नगासा."

तेवढं बोलून ती एका कोकराला दोरी लावायला वाकली. तिच्या लेखी त्यात विशेष काही नव्हतं. मी सरांकडे बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती. डोळ्यांपुढे ते सगळे फोटो येत होते. धुरळा, मुंडासं, काठीवर टाकलेले हात, आपल्या नादात चाललेली ती माणसं. सगळा वाडा आठ वर्षं एका परक्या माणसाचं मन राखायला पाठ करून उभा होता, आणि आम्ही अंधेरीच्या हॉलमध्ये त्याला खरेपणा म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या.

मग बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. सरांनी कॅमेरा काढला होता.

"मावशी," ते म्हणाले, "तुमचा एक काढतो."

म्हातारी लगेच उठली. हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि आमच्याकडे पाठ करून, लांब बांधाकडे बघत उभी राहिली.

"मावशी, तसं नाही. इकडं."

तिला वाटलं, जागा चुकली. ती चार पावलं उजेडात सरकली आणि पुन्हा तशीच, पाठ करून, खांदे सैल सोडून उभी राहिली. "आता?" तिने तिकडेच बघत विचारलं.

मग मी पुढे गेले. म्हातारीच्या दोन्ही दंडांना धरलं आणि रोज स्टुडिओत गिऱ्हाइकांना वळवते तसं तिला हळूहळू वळवलं. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हनुवटीखाली बोट लावलं.

"थोडी वर, आजी," मी म्हटलं. "आणि बघा त्यांच्याकडे."